मॅडम वजा केल्यावर

प्रभावांक जाहीर झाला त्या सकाळी मोरवघरच्या नाक्यावर फटाक्यांची माळ लागली. ती जिच्यासाठी लागली त्या बाईलाच ती कशाबद्दल लागली हे ठाऊक नव्हतं. सुगंधा घरत तेव्हा ओट्यापाशी उभी राहून सुके बोंबील साफ करत होती. खिडकीतून तिला समोरच्या दिव्याच्या खांबावर चढणारा बॅनर दिसला. त्यावर तिच्या नवऱ्याचा, जनार्दन घरतचा, कमरेपर्यंतचा फोटो होता, हात जोडलेला, गळ्यात बोटभर जाड साखळी. त्याच्या कोपरापाशी पासपोर्टएवढ्या चौकोनात ती स्वतः होती, आणि तिला इतकी गोरी करून ठेवली होती की तिच्या आईनेही ओळखलं नसतं. खाली लिहिलं होतं, ‘महापालिकेतील सर्वाधिक प्रभावी नगरसेविका सौ. सुगंधाताई जनार्दन घरत यांचे हार्दिक अभिनंदन.’ अभिनंदन करणाऱ्यांची बारीक बारीक तोंडं इतकी होती की खांबावरचा पोलिसांचा कॅमेरा त्यांच्यामागे पार झाकून गेला.

मोरवघर हे खाडीपलीकडचं उपनगर. एकेकाळी इथे मिठागरं आणि भाताची खाचरं होती, आता टॉवर आहेत आणि टॉवरांच्या पायाशी दबून बसलेलं जुनं गावठाण आहे. जमिनी विकून गावठाणातल्या काहींनी गाड्या घेतल्या, काहींनी राजकारण घेतलं. जनार्दनने दोन्ही घेतलं. लोक त्याला जनूशेठ म्हणू लागले, तो दोनदा नगरसेवक झाला आणि तिसऱ्या वेळी त्याचा प्रभाग महिलांसाठी राखीव निघाला. असं झालं की काय करायचं हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. त्याने बायकोला उभी केली.

सुगंधा निवडून आली. तिला महासभेत एक खुर्ची मिळाली आणि महापालिकेकडून एक फोन मिळाला. खुर्चीवर ती महिन्यातून एकदा जाऊन बसायची आणि शेठ सांगेल तेव्हा हात वर करायची. फोन मात्र शपथविधीच्या दिवशीच शेठच्या शर्टाच्या खिशात गेला तो तिथेच राहिला. सगळं मोरवघर त्याला ‘मॅडमचा फोन’ म्हणायचं. त्यावर पुरुषाचा आवाज यायचा, ‘बोला, मॅडमकडून बोलतोय,’ आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. खरं सांगायचं तर सुगंधालाही वाटत नसे. तिला भांडणतंटा, फोनाफोनी यांचा मुळात कंटाळा होता, आणि आयती सुटका मिळत असेल तर ती कोण नाकारतो? सह्या मागितल्या की ती सह्या करायची, बोलावलं की नटून जायची आणि घरी येऊन केसातला गजरा काढून ठेवायची.

आता हा प्रभावांक काय प्रकार होता ते सांगायला हवं. मोरवघरात गुन्हे वाढले की सगळे एकमेकांकडे बोट दाखवत आणि कमी झाले की सगळेच श्रेयाला पुढे येत. नगरसेवक म्हणे आमच्यामुळे, पोलीस म्हणे आमच्या गस्तीमुळे. खरंखोटं करण्याची काही सोयच नव्हती, कारण तेच वर्ष पुन्हा एकदा, अमुक माणसाला वगळून, जगून बघता येत नाही. पोलिसांचे आकडे तर बोलायलाच नकोत. चोरीची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला ‘ही आमची हद्द नाही’ म्हणून पुलापलीकडे पाठवलं की मोरवघरातली एक चोरी आपोआप कमी व्हायची.

डॉ. नाझनीन मुकादम नावाच्या संशोधक बाईंनी यावर एक यंत्र उभं केलं. यंत्र म्हणजे संगणकातलं दुसरं मोरवघर. त्यात प्रत्येक गल्ली होती, प्रत्येक दिवा होता आणि प्रत्येक रहिवाशाच्या जागी एक बाहुली होती. ही बाहुली त्या माणसासारखीच वागायची, कारण त्याचा मोबाइल कुठून कुठे जातो, विजेचा मीटर कधी फिरतो, कुणाचा कुणाला फोन जातो, यावरून ती शिकलेली होती. पोलिसांच्या आकड्यांवर बाईंनी विसंबून राहायचं नाही असं ठरवलं होतं. दवाखान्यात टाके घालायला कोण आलं, विम्यासाठी कुणी अर्ज केला, कुणी रातोरात दाराचं कुलूप बदलून घेतलं, हेही त्यांनी यंत्राला खाऊ घातलं. मागच्या पाच वर्षांत खऱ्या मोरवघरात जे आणि जसं घडलं तेच यंत्रातही घडू लागेपर्यंत त्या थांबल्या. मग त्यांनी एकेक बाहुली उचलून बाजूला ठेवायला सुरुवात केली. एक माणूस वजा करायचा, तीच पाच वर्षं हजारो वेळा पुन्हा चालवायची आणि गुन्हे किती बदलले ते पाहायचं. जो फरक पडेल तो त्या माणसाचा प्रभावांक. लोकांनी त्याला सरळ वजायंत्र म्हणायला सुरुवात केली.

निकाल आले तेव्हा महापालिकेत सुतकी कळा पसरली. रस्त्यावरच्या दिव्यांचा प्रभाव चांगला दिसत होता. एका चहाच्या टपरीचा दिसत होता, कारण ती उशिरापर्यंत उघडी असायची. बहुतेक नगरसेवकांचा आकडा शून्य होता, पोलीस ठाण्याचाही शून्याच्या आसपास. काहींच्या आकड्याआधी वजाचं चिन्ह होतं, म्हणजे ते नसते तर गुन्हे कमी झाले असते. त्यावर महासभेत दोन तास चर्चा झाली आणि एकमताने ठराव झाला की वजाचं चिन्ह लोकप्रतिनिधींचा अवमान करणारं असल्याने ते काढून टाकावं, फक्त आकडा प्रसिद्ध करावा. सुगंधानेही हात वर केला होता. ज्याचा आकडा मोठा तो नेता मोठा असं सगळ्या पक्षांनी धरून टाकलं आणि शून्यवाले तोंड लपवत फिरू लागले. सगळ्यात मोठा आकडा निघाला सुगंधा घरतचा.

तासाभरात जिल्हाध्यक्षांचा फोन आला, अर्थात शेठला. पक्ष शेठचा आमदारकीसाठी विचार करत होता. बायकोचं एवढं वजन म्हटल्यावर नवऱ्याचं किती असेल, असा त्यांचा हिशेब होता. शेठ त्या दिवशी इतका खुशीत होता की त्याने सुगंधाला स्वतःच्या हाताने पेढा भरवला. वजायंत्राचा तपशील मात्र ज्याचा त्यालाच, समक्ष आणि एकट्याला सांगायचा असा मुकादमबाईंचा नियम होता. शेठ हसला. जा, शाल-श्रीफळ देतील, म्हणाला, आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा एकटीने सरकारी कामाला पाठवलं.

वजायंत्राचं कार्यालय जुन्या जकात नाक्याच्या चौकीत होतं. मुकादमबाई साधारण सुगंधाच्याच वयाच्या, केस आखूड, चेहऱ्यावर जागरणाची कळा. शाल नव्हती आणि श्रीफळही नव्हतं. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि पडदा तिच्याकडे वळवला.

“या मोरवघरातून तुम्हाला काढलं,” त्या म्हणाल्या, “की साखळी चोऱ्या, घरफोड्या, मारामाऱ्या, सगळं मिळून तिसरा हिस्सा कमी होतं. तुमच्या आकड्याआधी वजाचं चिन्ह होतं, मॅडम.”

सुगंधाला आधी काही अर्थबोधच झाला नाही. मी तर काहीच करत नाही, ती म्हणाली, मी घरी असते. ती खोटं बोलत नव्हती, आणि मुकादमबाईंनाही ते दिसत होतं. त्यांनी मग न चिडता एकेक गोष्ट दाखवली. पोलीस एखाद्याला पकडून आणतात, ठाण्यात बसवून ठेवतात, पण अटक लगेच दाखवत नाहीत. अटक दाखवेपर्यंत तो माणूस कागदावर कुठेच नसतो. त्याचा मोबाइल मात्र ठाण्यात असतो आणि ते यंत्राला दिसतं. मग ठाण्यातल्या साहेबांना एका ठरावीक नंबरावरून फोन येतो. थोड्या वेळाने त्या माणसाचा मोबाइल ठाण्याबाहेर पडतो, नाक्यावर जातो आणि पुढच्या आठवड्यात कुठेतरी एखादी साखळी तुटते. हे एकदा-दोनदा नव्हे, पाच वर्षं सतत घडत होतं. तो ठरावीक नंबर पडद्यावर आला. त्याच्यापुढे सुगंधाचं नाव होतं.

“आणि शेठना काढलं तर?” तिने विचारलं.

बाईंनी बटणं दाबली. पडद्यावरचं मोरवघर क्षणभर थरथरलं आणि पुन्हा होतं तसं चालू लागलं. “शून्य. यंत्राच्या लेखी जनार्दन घरत हे एक निरुपद्रवी गृहस्थ आहेत. दुपारी झोपतात, संध्याकाळी नाक्यावर बसतात.”

सुगंधाला हसू आलं. साऱ्या गावाला जे माहीत होतं ते एवढ्या हुशार यंत्राला माहीत नव्हतं. बायकोच्या नावाचा फोन नवऱ्याच्या खिशात असतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. तिने ते बाईंना सांगितलं. त्यांनी पेन आणि कोरा कागद तिच्यापुढे ठेवला. मग म्हणाल्या की असं लेखी द्या, मी दुरुस्ती करते, हा सगळा भार शेठवर जाईल आणि तुमचा आकडा शून्य होईल.

शून्य. किती स्वच्छ शब्द. तिने पेन उचललंही. मग तिची नजर पडद्यावरच्या एका लाल ठिपक्यावर गेली, भाजी बाजाराच्या कोपऱ्यावर, पंधरवड्यापूर्वीच्या तारखेचा. ते काय आहे असं तिने विचारलं. एका वृद्ध बाईंवरचा हल्ला, मुकादमबाई म्हणाल्या. तुम्ही यंत्रात असताना तो जवळजवळ दर वेळी होतो. तुम्हाला काढलं की होत नाही.

तो ठिपका करंदीकर काकूंचा होता.

शालिनी करंदीकर सूर्यकिरण सोसायटीत पाळणाघर चालवत. लग्न होऊन आल्यावर सुगंधा सासूची बोलणी खाऊन दोन वर्षं तिथे कामाला जात होती. मोरवघरात तिच्याशी ‘तुला काय वाटतं’ असं पहिल्यांदा कुणी बोललं असेल तर काकू. निवडून आल्यावर शपथ घेताना जीभ अडखळू नये म्हणून त्यांनीच तिच्याकडून ती चार वेळा म्हणून घेतली होती. पंधरवड्यापूर्वी मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी काकूंच्या गळ्यातल्या साखळीला हात घातला. साखळी तुटेना, म्हणून त्यांनी काकूंना तसंच फरफटत नेलं. खुबा मोडला. दोघेही पळाले, पण मागे बसलेल्याचं तोंड काकूंनी पाहिलं होतं.

पेन ठेवून सुगंधाने एक प्रश्न विचारला. फोन खरंच माझ्याकडे असता तर काय झालं असतं, हे यंत्र सांगेल का?

“नाही,” मुकादमबाई म्हणाल्या. “यंत्र घडलेल्या गोष्टींवरून शिकतं. मोरवघरात असं एकदाही घडलेलं नाही. एवढंच सांगते, यंत्र आजपासून पुढे चालवलं तर तुम्ही किंवा तुमचा फोन गेला तरी थोड्या महिन्यांनी त्या जागी दुसऱ्या कुणाचा तरी फोन येतो. ते मात्र मी पाहिलंय.”

तिथून ती सरळ इस्पितळात गेली. काकूंचा पाय वजनं लावून टांगलेला होता आणि चेहऱ्यावरचं खरचटलेलं सुकून काळं पडलं होतं. तिला पाहून त्यांना आनंद झाला. सकाळीच पोलीस येऊन गेले, त्यांनी सांगितलं. फोटो दाखवले, त्यातला एक त्यांनी ओळखला, बंट्या म्हणून कुणी आहे. आजच उचलून आणलाय म्हणे. संध्याकाळी महिला पोलीस येऊन रीतसर जबाब घेणार होती.

बंट्याला सुगंधाही ओळखत होती. सकाळचा बॅनर त्यानेच चढवला होता. गेल्या दिवाळीत तो घरी आला होता आणि तिच्या हातची करंजी खाऊन पाया पडला होता. त्या पाया पडण्याची तिला आत्ता एकदम शिसारी आली, पायांवरून काहीतरी ओलसर सरपटत गेल्यासारखी.

“तो आत राहणार असेल तर मी जबाब देईन,” काकू म्हणाल्या. “सुटणार असेल तर नाही देणार. मी एकटी राहते गं, आणि आता मला धावताही येणार नाही. पण तू आहेस, तेव्हा काळजी नाही.”

काकूंनी तिच्या हातावर हात ठेवला. तो हात काढून घ्यावा असं सुगंधाला वाटलं, पण तिने घेतला नाही. जबाबाला काही हरकत नाही, तो सुटणार नाही, असं तिने सांगितलं आणि आपण काय बोलून बसलो हे तिला जिना उतरताना कळलं.

घरी शेठ जेवायला बसला होता. बोंबलाच्या कालवणात भाकरी कुस्करत त्याने विचारलं, काय म्हणाली ती मुसलमानीण. सुगंधाने जे ऐकलं ते सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि जेवत होता. वजाचं चिन्ह, बंट्या, काकूंचा खुबा, सगळं ऐकताना त्याचा एकही घास चुकला नाही. ती पाहत राहिली. मिशीवर रस्सा लागलेला, तो बोटं चाटत होता आणि मध्येच मान हलवत होता, जणू ती लग्नाला कोण कोण आलं होतं ते सांगत होती. इतकी वर्षं आपण या माणसाच्या ताटात वाढत आलो, असं तिच्या मनात आलं.

बंट्या चुकला, शेठने मान्य केलं. म्हातारीला फरफटवायला नको होतं. पण बंट्या आत गेला की गेल्या खेपेला कुणी सोडवला हे बोलणार, आणि तिकीट हातात यायच्या वेळी असलं लफडं नको. चार वाजता धायगुडे साहेबाला फोन करायचाय, तो बोलला. साहेबाने बंट्याला आणून बसवलाय, अटक अजून दाखवली नाय, फोनची वाट बघतोय.

“माझ्या नावाने?” तिने विचारलं.

“मग कुणाच्या? तू नगरसेविका.” त्याला खरोखरच प्रश्न कळला नव्हता. “आणि म्हातारीचं बिल आपण भरू ना. उद्या फळं घेऊन जा, फोटो काढू.”

तिने रागावून काही बोलायला हवं होतं. पण तिला राग आलाच नाही, वीट आला. त्याचा आला, बॅनरवरच्या त्या गोऱ्या बाईचा आला, एकमताने वर झालेल्या हातांचा आणि त्यातल्या आपल्या हाताचा आला. लेखी देऊन शून्य होणं सोपं होतं. उद्या मोरवघरात सगळे म्हणाले असते, बिचारीला काही माहीतच नव्हतं, आणि तिनेही ते हळूहळू खरं मानलं असतं. माहीत करून घ्यायचं नाही म्हणूनच तर तिने फोन दिला होता. काय माहीत आहे आणि काय नाही, एवढं तरी तिला स्वतःशी कबूल करावंच लागलं.

शेठ सवयीप्रमाणे आडवा झाला. शर्ट खुंटीला होता आणि फोन शर्टात होता. तो घोरू लागल्यावर तिने फोन काढला, पर्समध्ये टाकला आणि पायांत चपला सरकवून बाहेर पडली. नाक्यावरून बिनचालक रिक्षा मिळाली. ठाण्याचं नाव सांगताना तिला वाटलं, आपल्याच लग्नातून पळून चाललोय.

मोरवघर पोलीस ठाण्यात ती याआधी फक्त पंधरा ऑगस्टला गेली होती, मंडपात, मागच्या रांगेत. वरिष्ठ निरीक्षक धायगुडे बदली होऊन येऊन थोडेच महिने झाले होते. बाहेरच्या बाकावर बंट्या पाय पसरून बसला होता, हातात चहाचा कप. तिला पाहून तो उठला, गालातल्या गालात हसला आणि वाकून पाया पडायला आला. ती बाजूला झाली. तो अवघडून तसाच वाकलेला राहिला.

आत जाऊन तिने सांगितलं की मी नगरसेविका सुगंधा घरत, बाहेर बसलेल्या माणसाची अटक दाखवा. धायगुडे साहेबांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. साधी साडी, चेहरा घामेजलेला, बरोबर कार्यकर्ता नाही. असल्या बाया रोज येत असतील, कुणी नगरसेविका म्हणून सांगतं, कुणी मंत्र्याची बहीण. त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि नम्रपणे म्हणाले की जरा मॅडमना विचारून घेतो. टेबलावरचा मोबाइल उचलून त्यांनी नंबर लावला.

सुगंधाच्या पर्समध्ये फोन वाजू लागला.

साहेब पर्सकडे पाहत राहिले. तिने चेन उघडली, फोन काढला, कानाला लावला आणि टेबलापलीकडच्या माणसाच्या डोळ्यांत बघत बोलली.

“बोला. मॅडमच बोलतेय.”

साहेबांनी फोन कानावरून काढला, पण लगेच खाली ठेवला नाही. आवाज दोन्हीकडून येत होता. मग ते उठले, सलाम केला आणि पुन्हा बसले. शेठ कुठे आहेत, त्यांनी विचारलं. झोपलेत, ती म्हणाली. उठले की बघू, ते म्हणाले, एवढी काय घाई आहे. घाई आहे, ती म्हणाली, संध्याकाळी काकूंचा जबाब आहे.

धायगुडे वाईट माणूस नव्हते, आणि कदाचित त्यामुळेच त्यांचं हे टाळणं जास्त किळसवाणं होतं. ते थकल्यासारखे बोलले. “तुमचं ते यंत्र माझा आकडा शून्य सांगतं. पेपरात छापून आलं, माझ्या मुलीने वाचलं. का शून्य, ते विचारा. मी ज्याला आणून बसवतो त्याला तुमचा फोन उठवतो. अटक मी आज दाखवीन. उद्या शेठ माझी बदली करतील आणि नवा माणूस याला सोडेल. मग माझा आकडा काय होणार?”

मुकादमबाईंनीही तेच सांगितलं होतं, थोड्या महिन्यांनी दुसरा फोन येतो. पण काकूंना थोडे महिने नको होते, त्यांना आजची संध्याकाळ हवी होती. आणि उद्या सोडणाऱ्याला सोडणं जड जावं अशी एकच गोष्ट तिच्या हातात होती. ती शेठच्या हाताबाहेरची होती, आणि ती केल्यावर परत जायला घरही उरणार नव्हतं.

माझा जबाब लिहून घ्या, ती म्हणाली. गेल्या पाच वर्षांत या फोनवरून तुमच्या ठाण्यात जेवढे फोन आले, ते कुणी केले, कुणाला सोडवायला केले, माहीत आहे तेवढं सगळं सांगते. फोन इथे ठेवून जाते.

धायगुडे साहेबांनी बाहेर हाक मारली आणि बंट्याची अटक दाखवायला सांगितली. बाकावर कप आपटल्याचा आवाज आला, मग बंट्याचं ओरडणं, मॅडम, शेठना फोन लावा, मग दार लागलं. साहेबांनी कीबोर्ड पुढे ओढला. दोन बोटांनी ते टाइप करू लागले आणि ती सांगू लागली. फोन कधी मिळाला, कुणाच्या खिशात गेला, कोण कोण पाया पडायला येऊन गेलं. मध्येच फोन पुन्हा वाजला. पडद्यावर घरचा नंबर होता. शेठला जाग आली होती. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. तिने फोन उचलला नाही आणि बंदही केला नाही, तो वाजू दिला. टेबलावर तो थरथरत वाजत राहिला, थांबला, आणि पुन्हा वाजू लागला.

“मॅडम,” साहेब हात थांबवून म्हणाले, “हा जबाब असाच गेला तर गुन्हा तुमच्यावरही दाखल होईल. फोन तुमच्या नावावर आहे. तुम्हाला माहीत नव्हतं असं लिहू का? तसं लिहिलं तर तुम्ही सुटता.”

“माहीत होतं असं लिहा,” सुगंधा म्हणाली.

“मग आरोपी दोन. पहिलं नाव शेठचं टाकतो.”

“नाही,” ती म्हणाली. “आधी माझं.”